बुडालेलं रान आणि नऊ बरण्या

५ फेब्रुवारी

तीर्थरूप मामांस,
शि. सा. न. वि. वि.

काल दुपारी पावणेतीन वाजता माझं पहिलं झाड पाण्यावर आलं. ही बातमी आईच्याही आधी तुम्हाला कळवते आहे, तेव्हा फोनवर तिच्यापाशी बोलून बसू नका. ती आठवडाभर अबोला धरेल.

तुम्ही मला लहानपणापासून बेडकी म्हणता. पण मामा, या नोकरीत माझा पायसुद्धा भिजत नाही. तराफ्यावर पत्र्याची एक केबिन आहे, तुमच्या माळ्यावरच्या ट्रंकेपेक्षा जराशी मोठी. तिथे बसून मी दोन दांड्यांनी करवत चालवते. तिला दिवे आहेत, कॅमेरा आहे आणि पुढे खेकड्यासारखा पंजा आहे. ती तीस मीटर खाली जाते, खोडाला रबरी फुगा अडकवते, त्यात हवा भरते आणि मग बुंध्याशी खोड कापते. फुगाच झाडाला वर घेऊन येतो.

काल सगळी मंडळी कठड्याला रेलून पाण्याकडे डोळे लावून होती. आधी बुडबुडे आले, मग पिवळा फुगा, आणि त्याच्यामागून काळंकुट्ट, निथळतं, अख्खं झाड. यंत्रं सांभाळणाऱ्या मेस्त्रींनी कुऱ्हाडीने थोडी साल उडवली, तर आतलं लाकूड मधाच्या रंगाचं. धरणात बुडून चाळीस वर्षं झाली त्या रानाला. तळाशी हवा पोचत नाही म्हणून ते कुजलं नाही. मेस्त्री एरवी कशालाच चांगलं म्हणत नाहीत. त्यांनी दोनदा हुंगलं आणि म्हणाले, बरंय.

विचार करा, एकही जिवंत झाड न पाडता लाकूड मिळालं. पाखराचं घरटं मोडलं नाही, डोंगराची माती वाहून गेली नाही. मच्छीमारांची जाळी याच शेंड्यांत अडकून फाटतात, पाणी उतरलं की होड्या यांच्यावरच आपटतात. तोही त्रास जाईल. तुम्ही तीस वर्षं याच जलाशयाच्या मत्स्यबीज केंद्रात काढलीत, म्हणून तुमच्या तोंडून एकदा तरी शाबास ऐकायचं आहे.

मामींना नमस्कार. शाबासकी उलट टपाली पाठवावी आणि माया आहे तशीच चालू ठेवावी.

तुमची,
बेडकी

१२ फेब्रुवारी

चि. बेडकीस,
अ. उ. आ.

अर्धी शाबासकी सोबत पाठवतो आहे. उरलेली अर्धी मी राखून ठेवली आहे. ती का, ते पुढे लिहितो.

झाड वर आल्याचं वाचून माझाही ऊर भरून आला. तुझ्या मामीला मी पत्र मोठ्याने वाचून दाखवलं, आणि तिने ते लगेच तुझ्या आईला फोनवर ऐकवलं. यात माझा काडीचाही दोष नाही.

आता राखून ठेवलेल्या अर्ध्याबद्दल. तुला ती झाडं मेलेली दिसतात. माशांच्या लेखी ती चाळ आहे. फांद्यांवर शेवाळ धरतं, शेवाळावर किडे येतात, किड्यांवर पिल्लं पोसतात, आणि मोठा मासा मागे लागला की पिल्लं त्याच फांद्यांत शिरतात. चाळ पाडली तर बिऱ्हाडं जायची कुठे? शिवाय तळाचा गाळ चाळीस वर्षं निपचित पडला आहे. त्यात पारा आहे, हे आमच्या केंद्राने फार पूर्वी तपासलं होतं. मुळाशी धक्का लागला की तो गाळ उठणार, माशांच्या कल्ल्यांत जाणार, आणि माशांतून आपल्या पोटात. तुझ्या करवतीतलं तेल पाण्यात गळतं का, तेही मेस्त्रींना विचार.

माझं मत विचारशील तर एकही खोड हलवू नये. पण मी तीस वर्षं हे पाणी वरूनच पाहिलं, आणि तुझ्याकडे दिवा आहे. तेव्हा एक दिवस करवत बंद ठेव आणि नुसती बघ. खोल पाण्यात बघ, आणि जलाशयाच्या पूर्वेच्या उथळ फाट्यातही बघ. मग मला लिही. मी चुकत असेन तर तसं लिही. मला राग येईल, पण तो फार वेळ टिकत नाही, हे तुला माहीत आहे.

गुडघा कुरकुरतो आहे. डॉक्टरांनी प्रवास बंद केला आहे. तू जिवाला जपून काम कर आणि या म्हाताऱ्यावर रुसू नकोस.

तुझा,
मामा

२ मार्च

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

बघितलं. आणि बघितल्यामुळे सध्या घरी बसले आहे. सगळं क्रमाने सांगते.

आधी खोल पाण्यात गेले. तिथे अंधार, थंडी आणि उघडी खोडं. दोन तासांत चार मासे दिसले, तेही वाट चुकल्यासारखे. त्या खोडांवर शेवाळ नाही, काही नाही. मामा, तिथे तुमची चाळ नाही, ओसाड इमारत आहे. इथे तुम्ही चुकलात. (राग आला का?)

मग करवत उथळ फाट्यात नेली, पातं बंद ठेवून. दिवा लावला आणि माझे हात दांड्यांवरच थांबले. प्रत्येक फांदीला हिरवी झूल होती, आणि झुलीत अंड्यांचे पुंजके, बारीक मण्यांच्या सरी अडकवाव्यात तसे. एका फांदीमागून बोटभर पिल्लांचा थवा निघाला तो संपेचना. एक मोठा मासा आला, तसा सगळा थवा फांद्यांत गडप झाला. मासा भोवती दोन फेऱ्या मारून हात हलवत गेला. माशाला हात नसतात हे मला ठाऊक आहे, पण गेला तसाच.

संध्याकाळी आमच्या साहेबांना हे सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, माणूस वाईट नाही. मग म्हणाले की लाकूड गिरणीला ऑक्टोबरअखेर चार हजार ओंडके द्यायचे आहेत. खोल पाण्यातून एका करवतीने ते होणार नाहीत, म्हणून सोमवारपासून उथळ फाटा घ्यायचा. तिथे करवतही नको, काठावर विंच, म्हणजे साखळी गुंडाळून ओढणारं यंत्र, लावून झाडं मुळासकट ओढायची. आणि ओंडके पुरे पडले नाहीत, तर गिरणी वरच्या डोंगरावरचं जिवंत रान तोडणार. तशी परवानगी तिच्या हातात आहे.

म्हणजे पिल्लं वाचवायची तर डोंगर जातो. पण मुळं उपसायच्या कामाला मी हात लावणार नाही, असं सांगून टाकलं. साहेब म्हणाले की मग काही दिवस आराम करा. आराम हा शब्द त्यांनी फार हळू उच्चारला.

मेस्त्री मला घाटापर्यंत सोडायला आले. तेल थोडं गळतं, त्यांनी कबूल केलं. बियांचं तेल घातलं तर पाणी बिघडत नाही, पण कुणी विचारलंच नव्हतं. आणि हेही म्हणाले की शेडमध्ये दुसरी करवत मोडून पडली आहे, ती उभी राहिली तर खोल पाण्यातूनच चार हजार निघतील. पण साहेबांना दुरुस्तीवर भरवसा नाही.

विंचचं काम उद्या सुरू होणार. तीस तारखेला जलाशय समितीची बैठक आहे. मी काय करू, ते लिहा. माझ्यावरचा भरवसा मात्र काढू नका.

तुमची,
घरी बसलेली बेडकी

५ मार्च

चि. बेडकीस,
अ. उ. आ.

राग आला होता, पण चहा होईपर्यंत गेला. उरलेली शाबासकी घे.

घरातल्या काचेच्या बरण्या गोळा कर. आईला विचारू नकोस, ती नाही म्हणेल. मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्षबाई मला ओळखतात. त्यांच्या होडीतून रोज सकाळी त्याच वेळी, त्याच जागी जा आणि विंच चालते तिथलं पाणी बरणीत भर. वर तारीख चिकटव. तू खोल पाण्यात कापलंस तिथलंही पाणी घे. मेस्त्रींना सांग, ती मोडकी करवत उघडून बसा.

मी बैठकीला येतो आहे. डॉक्टरांना कळवलेलं नाही. आशीर्वाद आहेतच, धीर सोडू नकोस.

मामा

१ एप्रिल

ती. मामींस,
सा. न. वि. वि.

मामा सुखरूप आहेत, गुडघाही शाबूत आहे. ते आणखी आठ दिवस आमच्याकडेच राहणार. आता काल-परवाचं ऐका, कारण ते स्वतः सांगतील तेव्हा स्वतःचा भाग वगळतील.

बैठक समितीच्या लांबट खोलीत होती. मी टेबलावर नऊ बरण्या ओळीने मांडल्या. विंचने दोनच झाडं उपसली होती. मग तिची साखळी तुटली आणि काम थांबलं. त्यानंतरच्या नऊ दिवसांचं हे पाणी. शेजारी दहावी बरणी खोल पाण्यातली, मेस्त्रींनी करवतीने झाड कापल्यावर दुसऱ्या दिवशी भरलेली. आई मागच्या रांगेत बसून आपल्या बरण्या मोजत होती.

घोटाळा असा झाला, मामी, की तोवर सगळ्या बरण्यांतला गाळ खाली बसला होता. साहेबांनी उभं राहून म्हटलं की पाणी तर सगळीकडे नितळच दिसतं. खोलीत दोघे-तिघे हसले. माझे कान तापले. एवढे दिवस होडीत काढले, आणि हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

तेवढ्यात मामा उठले. काठी खुर्चीला टेकवून ठेवली, टेबलापाशी आले, पहिली बरणी उचलली आणि हलवून परत ठेवली. पाणी चिखलाच्या रंगाचं झालं. मग दुसरी हलवली, मग तिसरी. नवव्या दिवसाची बरणी हलवली तरी पलीकडची खिडकी दिसेना. मग त्यांनी दहावी घेतली आणि ती सगळ्यांत जास्त वेळ हलवली. तिच्यातून साहेबांचा चेहरा स्पष्ट दिसत होता.

मग मामा बोलले. म्हणाले की आपण स्वतः एकही झाड कापू नये अशा मताचे होतो, आणि ते मत चुकीचं होतं. खोल पाण्यात कापल्याने कुणाचं घर मोडत नाही, उलट डोंगर वाचतो. पण उथळ फाटा हे या पाण्याचं बाळंतघर आहे, आणि तिथे विंच लावणं म्हणजे येणाऱ्या दहा वर्षांचे मासे आजच मारणं. अध्यक्षबाईंनी सांगितलं की जाळी फाटतात म्हणून त्यांच्या माणसांनाही झाडं नकोशी होती, पण पिल्लंच नसतील तर जाळी धड राहून काय करायची.

साहेबांनी विचारलं की मग चार हजार ओंडके कुठून आणायचे. मागून मेस्त्री म्हणाले की दुसरी करवत काल संध्याकाळपासून चालते आहे, बाहेर गाडीत आहे, पाहायची असेल तर या. मामी, सगळी समिती उठून बाहेर गेली. मेस्त्रींनी कळ दाबली आणि ती करवत अशी फिरली, की दारातला कुत्रा तिसऱ्या गल्लीत जाऊन थांबला.

ठराव एकमताने झाला. उथळ फाट्याला हात लावायचा नाही. खोल पाण्यात फक्त करवत. बुंधे आणि मुळं तळाशीच ठेवायची. होड्यांच्या वाटेतले शेंडे तेवढे छाटायचे. अंडी घालायच्या दोन महिन्यांत काम बंद. तेल बियांचं. आणि दोन्ही करवतींच्या कामावर मुख्य म्हणून मला नेमलं आहे. माझं नाव साहेबांनी स्वतः सुचवलं. बाहेर पडताना त्यांनी मला विचारलं की ती पिल्लं कॅमेऱ्यात आपल्यालाही पाहता येतील का. उद्या नेते आहे.

आमच्यावर लोभ आहेच, मामांना आणखी चार दिवस ठेवून घेऊ दिलंत तर तो दुप्पट समजू.

तुमची,
बेडकी

५ एप्रिल

चि. बेडकीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र शेजारपाजारच्या सगळ्यांना वाचून दाखवलं. डॉक्टरही आले होते. त्यांनी मामांसाठी निरोप दिला आहे, तो लिहिण्यासारखा नाही. त्यांना हवं तितके दिवस ठेवून घे. घर छान शांत आहे. आईला नव्या बरण्या मी पाठवते. पोरी, तुझं फार कौतुक वाटतं, ते असंच वाटत राहील असं वाग.

मामी

९ नोव्हेंबर

चि. बेडकीस,
अ. उ. आ.

चार हजारावा ओंडका गिरणीत पोचला, तोही ठरल्याच्या सहा दिवस आधी, हे तुझं पत्र वाचलं. अध्यक्षबाईंचंही पत्र आलं. यंदा उथळ फाट्याच्या तोंडाशी इतकी पिल्लं आहेत, की वल्हं मारताना पाणी हलल्यासारखं दिसतं. वनखात्याकडून कळलं, की गिरणीने डोंगरावरच्या तोडीची परवानगी परत केली.

कागदावरचं मला पुरेना, म्हणून काल मी आणि तुझी मामी डोंगरावर गेलो. अर्धी वाट जीपने, अर्धी पायी. गुडघ्याने वाटेत दोनदा हरकत घेतली, मी ऐकलं नाही. तोडीसाठी निवडलेल्या झाडांच्या खोडांवर पांढऱ्या रंगात आकडे घातले होते. वनरक्षक तारेच्या ब्रशने ते एकेक करून घासून काढत होता. मी त्याच्याकडून ब्रश मागून घेतला. एका जुन्या झाडावरचा आकडा मी स्वतः पुसला. त्याला पाऊण तास लागला, कारण मी मध्ये मध्ये थांबून वर बघत होतो. चाळीस वर्षांपूर्वी पाण्याखाली गेलं ते रानही असंच उभं असणार. तेव्हा आमच्यापैकी कुणीच काही बोललं नव्हतं.

मामी आणि वनरक्षक पुढे गेले, मी तिथेच राहिलो. बोलायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून झाडालाच सांगितलं, माझी भाची लाकूडतोडी आहे, आता तुला भीती नाही.

आशीर्वाद. भेटीला ये, म्हातारा वाट बघतो आहे.

तुझा,
मामा