कमी पडलेलं इपॉक्सी

बाबा,

मी कामावर जातेय, तिथून मैत्रिणीकडे राहायला. दोन-चार दिवस फोन करू नका. जेवण झाकून ठेवलंय, प्रेशरची गोळी आठवणीने घ्या.

होडीची तिसरी बरगडी आज सकाळी लाकडी पट्ट्या इपॉक्सीने चिकटवून साच्यावर क्लॅम्पने आवळली आहे. उद्या दुपारपर्यंत क्लॅम्प काढू नका, नाहीतर वाकवलेल्या पट्ट्या परत सरळ होतील. आणि आणखी आवळूही नका. जास्त जोर लावला की पट्ट्यांमधलं इपॉक्सी सगळं बाहेर येतं आणि आत कोरडं लाकूड उरतं. हे पहिल्या बरगडीच्या वेळीच सांगितलं होतं.

काल दुसरी बरगडी माझ्या हातातच उकलली, तेव्हा तुम्ही दादाला फोनवर म्हणालात, "हिने इपॉक्सी कमी लावलं. तू असतास तर असं झालं नसतं." मी स्वयंपाकघरात होते. दादाने या होडीला साधा पॉलिश पेपरसुद्धा घासलेला नाही. तरी मलाही वाटलं, चुकलं असेल माझं.

आज झाडताना साच्याखाली इपॉक्सीचा वाळलेला ओघळ दिसला, आणि त्यात तुमच्या चपलेचा ठसा. परवा मी आंघोळीला गेले तेवढ्यात तुम्ही सगळे क्लॅम्प पुन्हा आवळलेत. विचारलं तर नाही म्हणाल, म्हणून विचारत नाही.

उकललेली बरगडी टेबलावर आहे. कमी पडलेलं इपॉक्सी कुठे गेलं हे दादाला सांगायचं असेल, तर तुमच्या चपलेचा तळ बघा, दाराशी उलटी करून ठेवली आहे.