वायरी एकदम काढू नकोस

१२ मार्च, गुरुवार

ड्रायव्हर किल्ली ठेवून गेला! ‘काका, ही पिकअप चढावर उचक्या देते. भर रस्त्यात माझी शोभा होते,’ म्हणाला आणि चालू पडला. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तोच नर्सरीची रोपं पोहोचवत होता. लगेच नर्सरीवाल्या बाईंचा फोन — सोमवारी सकाळी गाडी आली नाही तर दुसरी लावणार, आणि मग तीच कायमची. त्यांचंही काय चुकलं? रोपं थांबत नाहीत.

मी म्हटलं, ‘बाबा, मी चालवते. लायसन्स आहे माझ्याकडे.’

बाबा काळ्या चष्म्यातून माझ्याकडे (किंवा भिंतीकडे) बघत म्हणाले, ‘तू पदवीधर आहेस.’

जसे काही पदवीधरांचे पाय ब्रेकपर्यंत पोहोचत नाहीत!

मी श्रमप्रतिष्ठेवर बोलायला लागले. छान रंगात आले होते. आई म्हणाली, ‘भाषण राहू दे, ताटं घे.’

पण मला खरंच पटत नाही. घरातली पहिली पदवी मिळाली म्हणजे घरातल्या कामाशी नातं तुटलं? मग शिकले कशासाठी?

१३ मार्च, शुक्रवार

दिवेलागणीला बाबांनी बॉनेट उघडून इंजिन चालू करायला लावलं. ‘दिवा नको. अंधारातच नीट बघ.’ मी वाकले, ते मागे ताठ उभे. बघते तर काय — प्लगच्या वायरीवरून निळी ठिणगी पळतेय! मधेच विझते, पुन्हा पळते.

मी सांगितलं तसे बाबा इतके खूश झाले की आईला वाटलं, कोणाचं लग्न ठरलं. ‘म्हणजे इंजिन ठणठणीत! जुन्या वायरी चिरल्यात, वीज वाटेतच गळते. वायरी आणि प्लग, दोन्ही बदलून टाकू.’

मग चेहरा पडला. डॉक्टरांनी वाकायला सक्त मनाई केलीय. कोपऱ्यावरचा मेकॅनिक बाहेरगावी. बाबांनी बॉनेट बंद केलं. मग म्हणाले, ‘हात तुझे, डोकं माझं.’

मंजूर!

१४ मार्च, शनिवार

प्लग आणि वायरी आणल्या. दुकानदाराने विचारलं, ‘कोणी पाठवलं?’ म्हटलं, ‘मीच मला पाठवलं.’ नवे प्लग इतके गोरेगोमटे आहेत की काळ्या इंजिनात घालायला मन होत नाही.

१५ मार्च, रविवार

आज माझे हात बघून हे कधी परीक्षेला बसले होते असं कोणी म्हणणार नाही. पेनलासुद्धा काळे ठसे लागलेत.

बाबा स्टुलावर, मान ताठ, चष्मा काळा — न्यायाधीशच. इंजिन गार. पहिला हुकूम: एक वायर काढायची, तिथला प्लग बदलायचा, नवी वायर लावायची, मगच पुढची. ‘वायरी एकदम काढू नकोस.’ वायर ओढायची नाही, तिची रबरी टोपी धरून जरा पिळायची. प्लगभोवतीची धूळ आधी फुंकायची, नाहीतर थेट इंजिनात. ‘नवा प्लग हाताने फिरव. पाना शेवटी, तोही बेताने. आटे गेले तर आपण गेलो.’

पहिला जुना प्लग सुटला. काळाकुट्ट! बाबांनी तो चाचपला, वास घेतला. ‘बिचारा,’ म्हणाले. मला ताप असताना एवढ्या मायेने बोलले होते का, शंकाच आहे.

मग आई त्यांना डोळ्यात थेंब घालायला आत घेऊन गेली आणि मी शहाणपणा केला. वाटलं, एकेक कशाला? सगळ्या काढू, सगळं लख्ख पुसू, चारही प्लग बसवू, मग ओळीने वायरी लावू. किती पद्धतशीर!

बाबा बाहेर आले.

‘सगळ्या काढल्यास?’

‘हो.’

‘एकदम?’

‘…हो.’

रागावले नाहीत. उलट छाती फुगली. ‘घाबरू नकोस, क्रम मला पाठ आहे.’ वायरी जिथून निघतात त्या डबीवर मी एकेक जागा दाखवत गेले, ते सांगत गेले — ही एक नंबरच्या प्लगला, ही तीनला, ही चारला, ही दोनला. मी लावल्या. किल्ली फिरवली.

फाट्!

धुराचा लोट. गाडीखालचं मांजर भिंतीवर. आई हातात डाव घेऊन बाहेर.

पुन्हा तपासलं. पुन्हा फाट्! मग आमची जुंपली. ‘मी बरोबर सांगतोय!’ ‘मी बरोबर लावतेय!’ बाबा तावातावाने इंजिनावर वाकणार तेवढ्यात आईने मागून कॉलर धरली. ‘वाकायचं नाही! आणि अहो, एक नंबर कुठला ते तिला बोटाने दाखवा ना.’

बाबांनी बोट दाखवलं — सगळ्यात मागचा, स्टिअरिंगकडचा. मी सगळ्यात पुढचा धरला होता, रेडिएटरकडचा. गाडीच्या पुस्तकात तसंच आहे!

‘पुस्तकवाले समोर उभं राहून मोजतात,’ बाबा म्हणाले. ‘मी माझ्या सीटपासून मोजतो.’

एवढी वर्षं या गाडीचं सगळं एकट्याने केलं. एक नंबर कुठला, हे त्यांना कोणी विचारायलाच नव्हतं.

‘या घरात दोघं बरोबर असले की असाच धूर निघतो,’ आई म्हणाली आणि आत गेली.

वायरींच्या जागा बदलल्या. किल्ली फिरवली. आधी एक खोकला, आणि मग — काय सांगू! एकसारखा, शांत, भरलेला आवाज. बाबा ऐकत राहिले. मी उड्या मारत होते.

जेवताना म्हणाले, ‘उद्या तू ने.’ मग घाईघाईने, ‘माझा डोळा बरा होईपर्यंतच हं. मी गाडी घेतली की तू ऑफिसात. या कामासाठी नाही शिकवलं तुला.’

१६ मार्च, सोमवार

चढ चढली! एक उचकी नाही!

नर्सरीवाल्या बाईंनी माझ्या मागे बघत विचारलं, ‘ड्रायव्हर कुठाय?’ ‘मीच.’ ‘बरं. मग गाडीची मागची फळी उघड, उन्हं चढतायत.’ श्रमप्रतिष्ठेवरचं अख्खं भाषण तयार होतं. कोणी विचारलंच नाही.

२५ मार्च, बुधवार

हल्ली चढावर गाणं म्हणते. गाडी म्हणत नाही, हे महत्त्वाचं.

बाबा रोज दारातच इंजिनाचा आवाज ऐकतात, मग आईला विचारतात, ‘थेंब अजून किती दिवस?’ आज मनात आलं, बाटली जरा टिकू दे. स्वतःच्या वडिलांच्या डोळ्याबद्दल! शी! पण आलं खरं. उद्या गल्लीच्या कोपऱ्यातल्या घरी फुलझाडं उतरवायची आहेत, तिथला रिव्हर्सचा वळसा मला आता एका दमात जमतो. ऑफिसात असं काय जमवणार आहे मी?

३ एप्रिल, शुक्रवार

डॉक्टर म्हणाले, नजर लख्ख. सोमवारपासून खुशाल चालवा. आईने साखर वाटली. मीही खाल्ली. किल्ली पुसून ठेवलीय.

६ एप्रिल, सोमवार

सकाळी किल्ली बाबांच्या हातात दिली आणि स्वयंपाकघरात गेले, मुद्दाम. बाहेर दार आपटलं. इंजिन काही सुरू होईना. मग हॉर्न — एकदा, दोनदा. धावत गेले. किल्ली लावलेली, स्टिअरिंगसमोरची सीट रिकामी. बाबा शेजारच्या सीटवर, डबा मांडीवर.

‘बघतेस काय? रोपं वाळतील!’