पहिलं ताट कुणाबरोबर

अहो,

आज स्वयंपाक केलेला नाही, उगाच झाकणं उघडून बघू नका. दूध आहे, पण ते मांजराचं.

रुसून गेलेली नाही, जेवायला गेलेय. लिफ्ट दुरुस्त करत तुम्ही अख्खं शहर फिरता, स्वस्त आणि चवीचं कुठे मिळतं ते तुम्हाला बरोबर कळतं. पण नवी खाणावळ सापडली की तिथे पहिल्यांदा आपण दोघांनीच एका ताटात जेवायचं, हे लग्नापासूनचं ठरलेलं. काल छापखान्यामागे नेलंत, म्हणालात, "आजच सापडली बघ." तुम्ही हात धुवायला गेलात आणि मालकीणबाई मला विचारतात, "परवा ह्यांच्याबरोबर आलेल्या त्या ऑफिसातल्या बाई नाही आल्या? त्यांना मासे फार आवडले होते."

तुमच्या ऑफिसातल्या त्या बाई शहरात नवख्या आहेत, भुकेल्या होत्या, सगळं मान्य. खुशाल जेवू घाला त्यांना, आपल्या जुन्या जागा काय थोड्या आहेत? पण मला उष्टी जागा नवी म्हणून का दाखवलीत? माझ्या घशाखाली घास उतरेना, आणि तुम्हाला वाटलं काटा अडकला.

आता मीही एक जागा हेरलीय. पोस्टामागच्या गल्लीत, शिंप्याच्या दुकानाला लागून. बाहेर हमालांची गर्दी असते, म्हणजे जेवण चांगलंच असणार. तिथेच चाललेय. ताट एकच सांगेन आणि तुमची थोडा वेळ वाट बघेन. नाही आलात, तर शेजारच्या वहिनी तयारच आहेत. मग चव कशी होती ते त्यांनाच विचारा.