आठ नळ्या चिखल

३ मार्च
फ्रिजचा मधला कप्पा माझा. चाळीस वर्षं या घरात राबले, तेव्हा कुठे वाट्याला आला. त्यात आज नातीनं समुद्राच्या तळाचा चिखल आणून ठेवला. आठ नळ्या. सून नाक दाबून म्हणाली, बाहेर काढा. म्हणून मी म्हटलं, राहू दे. सुनेचं ऐकायची सवय लागली की संपलं.

४ मार्च, सकाळी
कॉलेजचा फ्रिज बंद, म्हणून चिखल इथं. नात आठवडाभर बाहेरगावी निघाली. जाताना समजावलं. चिखलात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. वरच्या थरातले घाणीचं खत करतात. खालच्यांना हवा सोसत नाही. ते त्या खताचा वायू करून सोडून देतात. नाहीतर समुद्रात शेवाळ माजेल, मासे गुदमरतील. हे सगळं मोजून तिला डॉक्टरेट मिळणार. चिखल आणायला बोट वर्षातून एकदाच जाते. "हात लावू नकोस हं, आजी." चौथी शिकलेय मी. कळतं.

५ मार्च
वर तपकिरी, खाली काळंकुट्ट. न ढवळता ठेवलं की काहीही नासतं. हात लावायचा नाही, कबूल. सुई लावली. विणकामाची.

७ मार्च
दिवसातून दोनदा ढवळते. सडक्या अंड्यांचा वास. सून म्हणते, माहेरी जाईन. जा म्हटलं. गेली नाही. एक काम धड करत नाही.

९ मार्च
आठही नळ्या एका रंगाच्या. वासही गेला. तळातल्या बिचाऱ्यांना आजवर कुणी हवा दिली नव्हती. मी दिली. डॉक्टरेटवर माझंही नाव हवं. आग्रह नाही.

११ मार्च
नात आली. नळ्या पाहिल्या आणि फ्रिजसमोर खालीच बसली. ओरडली असती तर मीही दोन शब्द सुनावले असते. हळूच म्हणाली, थर मोडले, खाली हवा गेली, मोजायला काही उरलं नाही. आता पुढच्या वर्षीची बोट. मी म्हटलं, एवढे नाजूक होते तर समुद्रात कसे टिकले? 

१२ मार्च, दुपारी
तिनं कॉलेजातल्या सरांना फोनवर सांगितलं, घरचा फ्रिज बिघडला. फ्रिज ठणठणीत आहे. माझ्यासाठी कुणी खोटं बोलावं इतकी मी थकलेली नाही. सरांना काय सांगायचं ते मी चारदा लिहिलं, चारदा खोडलं. संध्याकाळी ते परत फोन करणार. फोन माझ्या हातात द्यायचा. ढवळलं मी, उत्तरही मीच देणार. नातीनं मध्ये तोंड घालायचं नाही.