पोपटी चिंध्या

४ मार्च, बुधवार

दिलं एकदाचं नाव! सुतारकाकांच्या शर्यतीच्या वहीत, अडतिसावं. डोंगर, ओढा, जंगल, पुन्हा डोंगर — अठरा किलोमीटर, पाच तासांच्या आत. फी नाही, पदक नाही. वेळेत पोहोचलं की काका त्यांच्या शेडच्या दारावर खडूने नाव लिहितात, बस्स. मला त्या दारावर जायचंय.

गेल्या वर्षी ओढ्यावरून परत फिरले. त्यावर नणंदबाई चारचौघांत म्हणाल्या, "वहिनीचं सगळं असंच, अर्धवट." तेव्हापासून आमचं बोलणं बंद. ह्यांनी मध्यस्थी करून पाहिली आणि दोन्हीकडून बोलणी खाल्ली.

५ मार्च

कळलं — यंदा शेपूट नणंदबाई! शेपूट म्हणजे शेवटच्या माणसामागून चालायचं आणि झाडांना बांधलेल्या खुणा सोडवत यायचं. आता शेवटचं माणूस कोण असणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

६ मार्च

चालण्याच्या सरावाने पोटऱ्या भरून आल्यात. तीन शर्ट शिवायचे बाकी. गिऱ्हाईक तोंड फुगवून गेलं.

७ मार्च, शनिवार

खुणा बांधायचं काम माझ्याकडे. शिंपिणीला चिंध्यांचा काय तोटा! सकाळीच लाल चिंध्या बांधत निघाले. ओढ्यापलीकडच्या फाट्यावर लाल संपल्या. पिशवीत पोपटी होत्या, एकदम भडक. डावीकडच्या पायवाटेला थेट शेडपर्यंत त्याच बांधल्या. काम फत्ते.

८ मार्च, रविवार

लिहिता येत नाहीये. हसून!

सगळे सुरुवातीलाच पुढे सटकले. मागे फक्त नणंदबाई, वीस पावलांवर, तोंडाला कुलूप लावून. ओढ्यावर मी बसले ती बसलेच. वाटलं, जाऊ दे, फिरावं मागे. तेवढ्यात मागून आवाज — "पाणी पी. ऊठ." वर्षातले पहिले शब्द. उठले. खरं सांगायचं तर रागाने उठले. फाट्यावर विचार न करता डावीकडे वळले, वाट माझ्याच हातची. शेवटच्या चढावर त्यांनी हात पुढे केला. घेतला मी.

शेडपाशी पोहोचले — चार तास एक्कावन्न मिनिटं! आणि सगळीकडे शुकशुकाट. काका एकटेच, चेहरा पांढराफटक. "बाकीचे कुठायत?" मी म्हटलं, "ते तर कधीच पुढे गेले." नणंदबाईंनी खिशातून पोपटी चिंध्यांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हिरव्या जंगलात हिरव्या खुणा! दुकानातल्या दिव्याखाली भडक दिसणारं कापड झाडीत कुणाला दिसणार?

सदतीस जण फाट्यावरून रुंद वाटेने सरळ गेले, पलीकडच्या वस्तीत उतरले आणि दुधाच्या टेम्पोतून परत आले. शाळेतले मास्तर तर मांडीवर रिकामा कॅन घेऊन.

सगळ्यांसमोर सांगून टाकलं, चूक माझी. पोस्टमन म्हणाले, "बाई, पहिलं यायचं होतं तर तसं सांगायचं, आम्ही घरीच झोपलो असतो." हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी. काकांनी दारावर एकच नाव लिहिलं. माझं. मी तीनदा वाचलं.

९ मार्च

नणंदबाई सकाळी दुकानात. दारातच उभ्या. "शनिवारी दुपारी मी त्या वाटेवर चक्कर मारून आले होते. तुझ्या पोपटी चिंध्या पानांत लपल्यात, हे तेव्हाच कळलं होतं. रुंद वाट वस्तीतच जाते, कुणी हरवणार नव्हतं. म्हटलं, राहू दे, होऊ दे वहिनीची फजिती."

मी कात्री खाली ठेवली.

"मग ओढ्यावर 'ऊठ' कशाला म्हणालीस?"

"तू खरंच मागे फिरायला निघालीस गं. बघवेना मला."

चिडायला हवं होतं. वर्षभराचा सराव होता. स्टूल पुढे ओढलं. ती बसली.