उन्हात दार लावणारी झाडं

गुरुजी, तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली आणि मी आज लिहायला बसलोय. माझं शिक्षण अर्धवट. तुम्ही लाल शाईनं खुणा कराल अशी धाकधूक अजूनही वाटते. महाडच्या शाळेत मी हंगामी शिपाई होतो. त्या मे महिन्यात शाळेची शाकारणी निघाली, कौलं उतरायची होती, म्हणून विज्ञानाच्या वर्गातल्या कोरफड, निवडुंग, पानफुटीच्या कुंड्या माझ्या स्वाधीन करून तुम्ही गावी गेलात. "सांभाळ रे," एवढंच म्हणालात. हेडमास्तर मात्र म्हणाले, "झाडं मेली तर जूनपासून येऊ नकोस."

एसटीच्या टपावरून कुंड्या पोलादपूरला नेल्या, तिथून पाटीत घालून डोंगरावरच्या आमच्या वाडीत. आणि नेमका झरा आटला. बाया डबक्यातलं पाणी वाटीनं भरायच्या. मी कुंड्यांसाठी तांब्या उचलतो, तर आई ओरडते, "गुरांची जीभ कोरडी हाय, आन तू काट्यांना पानी घालतोस? तुज्या मास्तराला फुलझाडं नाय गावली काय रे?" तांब्या खाली ठेवतो. कुंड्यांवर सावलीला ऐनाच्या झाडाचं टहाळ टाकतो, येता-जाता पानं चाचपतो. पानफुटी सुरकुतली तेव्हा नोकरी गेलीच असं धरून मी जेवणही टाकलं.

शाळा उघडली, तुम्ही पान दाबून पाहिलंत. "पाणी किती घातलंस?"

"नाय घातलं, गुरुजी. झरा आटला." तुम्ही चक्क हसलात.

"अरे, दरवर्षी शिपाई मायेनं पाणी घालून मुळं कुजवतात! बरं झालं तुमचा झरा आटला."

दुसऱ्या दिवशी सकाळीच तुम्ही मला पानफुटीचा तुकडा चाखायला दिलात. आंबट. संध्याकाळी त्याच झाडाचं दुसरं पान दिलंत, ते अळणी. मग मला बाकावर बसवून, मुलांना शिकवावं तसं शिकवलंत. या पानांवर मेणासारखा थर असतो, आत चिकट रसात पाणी धरून ठेवलेलं असतं. ऊन असताना झाड पानांची बारीक भोकं मिटून घेतं, पाणी उडू देत नाही. रात्री गारव्यात ती उघडून हवा घेतं आणि तिचं आम्ल करून साठवतं, म्हणून सकाळी आंबट. दिवसा दार लावून त्याच आम्लातली हवा सोडवतं आणि उजेडावर आपलं अन्न करतं. "त्याची सोय त्याच्यापाशी असते," तुम्ही म्हणालात, "तू उगाच वाळलास."

तुम्हीच हेडमास्तरांना सांगितलंत, "याला कायम करा, हा मन लावून काम करतो." त्या एका वाक्यावर माझं घर उभं राहिलं.

हे पत्र कुठे टाकणार? घरच्या पेटीतच राहील. पण एक सांगतो. तुमची बदली झाली त्या दिवशी मी स्टँडवर आभार मानायला आलो होतो. टपावरच्या तुमच्या ट्रंकेची दोरी सैल दिसली आणि माझं सगळं लक्ष तिकडेच लागलं. गाडी सुटली तेव्हाही मी दोरीच बघत होतो. तुम्ही हात हलवलात की नाही, ते मला माहीत नाही.