काटा शिरणार नाही असा टायर

तीर्थस्वरूप भैयाजीभाऊ यांच्या पायांशी धाकटा मेहुणा लटारू याचा इथूनच दंडवत. इकडे सगळं खुशाल आहे (सायकल सोडून). तिकडे वरोऱ्याला तुमचा गुडघा कसा आहे, वहिनींचा खोकला गेला का, म्हैस दूध देते की अजून नुसती बघते, ते कळवावं. आपल्या मातोश्री शकुबाई यांची प्रकृती विचारायचं धाडस होत नाही. बरी असेल तर आनंद आहे, आणि बरी नसेल तर त्याचंही खापर त्या माझ्याच डोक्यावर फोडत असतील, हे मी धरून चालतो. तुमची बहीण रंभा ठीक आहे. तिचं पुढे लिहितो.

पत्रास कारण की टायर. तुमच्या आळीत सायकलचं मोठं दुकान आहे, आणि तुम्ही तिथे रोज बसून पान खाता, हे जगजाहीर आहे. तेव्हा ज्यात काटा शिरत नाही असा टायर जगात असतो का, आणि असला तर तो वरोऱ्यापर्यंत येतो का, एवढं विचारून सांगावं. मार्कंड्याची जत्रा तोंडावर आली. माझं सगळं दुकान सायकलवर. मागे बांगड्यांची पेटी, दोन्ही बाजूंना लोंबत्या थैल्या, पुढे दांडीला रेशमी गोंडे. चाकातून हवा गेली की पहिला हिसका काचेला बसतो. (आम्ही बांगडीवाले ‘फुटली’ म्हणत नाही, ‘वाढली’ म्हणतो, हे तुम्ही जाणताच. या वर्षी माझ्या बांगड्या इतक्या वाढल्या की धंदा वाढायला जागाच उरली नाही.)

आता मी हातावर हात धरून बसलो असं समजू नका. गावात ज्याला त्याला टायरातलं कळतं, आणि मी काळजीत असलेला माणूस, सगळ्यांचं ऐकतो. आमच्या शेजारचे दादाजी म्हणाले, ट्यूबच काढून टाक आणि आत तणस ठासून भर, तणसाला कधी काटा लागतो का! धान नुकतंच मळून झालेलं, तणस फुकट. मी आणि दादाजींनी मोगरीने ठोकून ठोकून दोन्ही चाकं भरली. सायकल चालली हो! आरमोरीच्या बाजारापर्यंत छान चालली. तिथे मी एका बाईच्या हातात बांगडी चढवत होतो (हात मऊ करायला बोलण्यात गुंतवावं लागतं, त्यामुळे मागे बघता येत नाही), आणि मागे कुणाच्या तरी बैलाने टायरच्या कडेतून बाहेर आलेली काडी ओढली. मग दुसरी ओढली. मी वळलो तेव्हा मागचं चाक अर्धं त्याच्या पोटात गेलं होतं, आणि बैलाचा मालक माझ्यावरच ओरडत होता की त्याच्या जनावराला रबराचा वास कसा लागला. सायकल खांद्यावर घेऊन घरी आलो. रंभा हसली. फार दिवसांनी हसली, म्हणून मी दादाजींना काही बोललो नाही.

त्यानंतर जुन्या टायरची पट्टी कापून नव्या टायरच्या आत अंथरली. काटा अडला, पण पट्टीच्या कडेने ट्यूब कापली. मग चांद्याहून भरीव रबराचे टायर आणले. त्यात हवाच नाही, तर जाणार काय! काट्यांवरून, खिळ्यांवरून, बांबूच्या खुंटांवरून खुशाल हाकली. घरी येऊन पेटी उघडली तर आत बांगड्या नव्हत्या, नुसता चुरा होता. माझे दोन दातही हलायला लागले. ते टायर आता विहिरीच्या काठावर कपडे धुवायला घेतले आहेत.

माझा खरा घात होतो तो एकाच ठिकाणी. आमच्या गावाहून आरमोरीला जाताना जंगलात वाटेवर एक देव आहे. त्याला मूर्ती नाही, देऊळ नाही. जाणाऱ्या-येणाऱ्याने एक हिरवी फांदी ठेवायची आणि सुखरूप पुढे जायचं, एवढीच त्याची पूजा. फांद्यांचा मोठा ढीग झाला आहे. मी नेमाने फांदी देतो. (उतरत नाही, कारण भरलेली सायकल एकदा उभी केली की पुन्हा चढायला दोन माणसं लागतात. बसल्या बसल्या हाताला येईल ती फांदी मोडतो आणि ढिगाकडे फेकतो. देव समजून घेतो.) तरी चाक बसतं ते नेमकं तिथेच! म्हणून मी जातानाही आणि येतानाही फांदी द्यायला लागलो. तर चाकं दुप्पट बसायला लागली. भाऊ, आता देवाला काय कमी पडलं, हे मला कळत नाही, आणि भीती वाटते.

दसऱ्याला आपल्या मातोश्रींना मोटारीपर्यंत सोडायला नेलं, तेव्हाही तिथेच. पेटी काढून तिथे उशी बांधली होती. दोन्ही चाकं एकदम बसली आणि मातोश्री उशीसकट नाल्यात. पाणी घोट्याएवढंच होतं, पण चिखल भरपूर. उठून त्या सगळ्या बाजारकरूंसमोर म्हणाल्या, “याच्या चाकात काटा शिरनार नाई त्याच दिवशी मी या सायकलीवर बसन आन् याच्या दारात पाय ठेवन. देवाची आन हाय.” मग ओल्या लुगड्याने आरमोरीपर्यंत चालत गेल्या. मी मागून उशी घेऊन चाललो होतो, पण त्यांनी वळून पाहिलं नाही.

तरी टायरचं तेवढं बघावं. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक,
लटारू

ता. क. : पत्र बंद केलं होतं, पुन्हा उघडलं. टपालात टाकायचं राहिलंच होतं, आणि आठ दिवसांपूर्वी जंगलातल्या गावचा इसरू त्या देवापाशी वाट झाडताना भेटला. फार चिडला होता. म्हणाला, “आमी पळसाची फांदी ठेवतो, मोहाची ठेवतो. हे बोरीची फांदी कोन फेकून राह्यला? ढिगावर पडत नाई, सारी वाटेवर पडते. देवाले काटे देतेत का?” मी म्हणालो, लोकांना काही रीतच राहिली नाही. (सायकलवर बसून हाताला येतं ते झाड बोरीचंच आहे.) आता उतरतो, पळसाची फांदी हाताने ठेवतो. तेव्हापासून जुन्याच टायरांवर एकदाही चाक बसलेलं नाही. तेव्हा टायर राहू द्या.

ता. क. दुसरा : टायर नकोत, तर मग तुम्ही म्हणाल एवढं लिहिलं कशाला. जत्रेला मी जाणारच नाही. रंभाचे दिवस जत्रेच्या सुमारासच भरतात. पहिल्या वेळी ती तुमच्याकडे होती आणि मूल राहिलं नाही, त्यात कुणाचा दोष नाही. पण या वेळी ती भिंतीला धरून उठते आणि सारखी वाटेकडे बघते. मी विचारलं की म्हणते, काही नाही. मला तणस भरता येतं, बांगडी भरता येते, यातलं काही येत नाही. आपल्या मातोश्रींना सांगा की शपथ मोडत नाही, चाकात आता काटा शिरत नाही. तरी भरवसा नसेल तर त्यांना सायकलवर बसवून मी हाताने ढकलत आणीन, आणि पुढची वाट आधी झाडून घेईन.

ता. क. तिसरा : रंभाने सगळं पत्र वाचून घेतलं. बैलाच्या गोष्टीपाशी पुन्हा हसली. मग म्हणाली, “एवढं लांबड काऊन लावलं? आईले ये म्हनाचं होतं ना, थेच लिवाचं होतं.” खरं आहे. लग्न झाल्यापासून मी त्यांना ‘आपल्या मातोश्री’ यापलीकडे काही म्हटलेलं नाही. तेव्हा भाऊ, एवढं शेवटचं त्यांनाच वाचून दाखवा :

आई, या.